धुण्याची दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबच्या वहीत शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही दुसरी वही. पहिली वही लॅबच्या मुख्य मॅडम वाचतात, आकडेवाले सर वाचतात, उद्या कोणी तपासणीला आला तर तोही वाचेल. ही फक्त माझी.

आज नव्या कामाला सुरुवात झाली. उंदरांच्या डोक्याला ठरावीक मार द्यायचा (भूल देऊन, मी काही राक्षसीण नाही), चौथ्या दिवसापासून औषध टोचायचं आणि आठव्या दिवशी बघायचं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत किती सांधली. ही भिंत म्हणजे भलती कडक बाई. रक्तातलं काय मेंदूत सोडायचं आणि काय दारातूनच परत पाठवायचं, ते ती ठरवते. मार बसला की तिचे सांधे सुटतात, रक्तातलं पाणी आत झिरपतं आणि मेंदू सुजतो. आमचं औषध म्हणजे शरीरातच तयार होणारा एक ग्रोथ फॅक्टर, पेशींना ‘वाढा, एकमेकींना धरून राहा’ असं सांगणारं प्रथिन.

मॅडमनी तीन-तीनदा बजावलं, पहिल्या तीन दिवसांत द्यायचं नाही म्हणजे नाही. तेव्हा ते भिंत उलट आणखी सैल करतं. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी देऊन पाहिलं होतं, तर बारापैकी सात उंदीर गेले. मला काय सांगता, मीच उचलले होते ते सकाळी.

निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. बाटल्यांवर फक्त क आणि ख. कुठलं काय, ते आकडेवाल्या सरांच्या कुलपात. आम्हाला कळलं तर म्हणे आमचे हात लबाडी करतील. बावीस वर्षं वापरतेय मी हे हात. लबाडी करायचीच झाली तर आधी मला विचारतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिली तुकडी झाली. शेवटच्या दिवशी उंदराच्या रक्तात निळा रंग सोडायचा. भिंत धड असेल तर रंग रक्तातच राहतो, फुटली असेल तर मेंदूत उतरतो. मग पुन्हा भूल देऊन, हृदयातून खारं पाणी सोडून अंगातलं सगळं रक्त धुऊन काढायचं. त्यानंतर मेंदूत जो निळा उरतो तो गळतीचा. कार्यपद्धतीत लिहिलंय की धुणं प्रत्येकाला बरोबर दहा मिनिटं. ते नवशिक्यांसाठी. बाहेर पडणारं पाणी कधी स्वच्छ झालं ते माझ्या डोळ्याला कळतं. वेळा मात्र लॅबच्या वहीत टाकते, सुरू किती वाजता आणि बंद किती वाजता, कारण नाही टाकल्या तर मॅडम जीव खातात.

क-मधला पहिलाच उंदीर असा तरतरीत होता! पिंजरा उघडला की बोट हुंगायला हजर. ख-मधला कोपऱ्यात तोंड घालून बसलेला. आता कुलूप लावा नाहीतर तिजोरीत ठेवा, मला कळायचं ते कळलं. क म्हणजे औषध.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दहा झाले. क-चे मेंदू कसे गोरेगोमटे निघताहेत, आणि ख-च्या मेंदूंवर शाईची दौत सांडल्यासारखे डाग. मॅडमना म्हटलं, पार्टीची तयारी करा. त्या म्हणाल्या, तोंड बंद ठेव आणि काम कर.

क-चे मी फार जपून धुते. इतका छान निकाल, तो आपल्या कंटाळ्यापायी मागे राहिलेल्या रक्तानं खराब झाला तर काय उपयोग? आज एकाला चार मिनिटं जास्त दिली, तर सोललेल्या बदामासारखा निघाला. ख-चे तसेही निळेच येणार. तिथे उगाच वेळ घालवून काय करायचं?

९ मार्च, रविवार

बारक्या आणि भावजय आली होती. माझा भाऊ सहा फूट उंच आहे, तरी बारक्याच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि मी एकवीस, त्यामुळे भाऊ म्हणा, पोरगा म्हणा, सगळं तोच. दुनियाभरच्या इमारतींना वायरिंग करतो आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातला दिवा तीन महिने बंद. आज एकदाचा लावला. शिडी नको म्हणाला, स्टुलावर चढला, तेही एका पायावर.

"खाली उतर, मेल्या. पडलास तर मेंदू धुवायला मलाच बसावं लागेल."

"धू की. बघ तरी आत काही आहे का."

भावजय म्हणाली, "ताई, काही नसलं तर तुमचा खर्च वाचला." दोघं असे हसत होते की मलाही हसू आवरेना. बरं वाटलं आज.

१९ मार्च, बुधवार

आज दोन ख धुवायला घेतले आणि भावजयीचा फोन आला. तिच्या आईचं गुडघेदुखीपुराण. फोन कानाला, पाणी सुरू, आणि माझं लक्ष भलतीकडेच. दोघंही चांगलेच पांढरे निघाले. वहीत लिहिलं, ‘अपवाद’. असतात असे एखाद-दुसरे नशीबवान.

२८ मार्च, शुक्रवार

वीस झाले. पुढच्या टप्प्यात मोठ्या प्राण्यांवर काम, त्यासाठी मोठ्या बाटल्या आल्या. त्याही क आणि ख, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये वरच्या खणात. सरांच्या कुलपातली चिठ्ठी १७ एप्रिलला उघडणार.

२ एप्रिल, बुधवार

बारक्या शिडीवरून पडला. दुसऱ्या मजल्याइतकी उंची. डोक्यावर पडला.

शुद्धीवर नाही. दवाखान्यातून लिहितेय. 

३ एप्रिल, गुरुवार, सकाळ

मेंदूचे डॉक्टर बोलले. मोठा रक्तस्राव नाही, पण सूज आहे आणि वाढतेय. कवटीत एक बारीक नळी घातलीय, तिच्यावरून डोक्यातला दाब कळतो. वीसच्या आत हवा. काल रात्री चोवीस होता, सकाळी सत्तावीस. ते मला कागदावर चित्र काढून सांगायला लागले, रक्तवाहिन्यांची भिंत सैल होते वगैरे. मी ऐकून घेतलं. माझ्या भावाच्या डोक्यात काय गळतंय ते मला चित्र न काढता दिसतंय, हे त्यांना काय सांगू?

त्यांना विचारलं, ग्रोथ फॅक्टर देता येत नाही का? म्हणाले, "अजून कुठे माणसांवर तसं सिद्ध झालंय, ताई. तुम्ही वाचता वाटतं?" वाचते! मी धुते, बाबा.

लॅब इथून पंधरा मिनिटांवर आहे. क-ची बाटली वरच्या खणात. आज दुसरा दिवस, आणि ते चौथ्या दिवसापासून द्यायचं. परवापर्यंत थांबायचं. ठरलं. तोवर बाटली जवळ असू दे म्हणून बर्फाच्या डब्यातून घेऊन आले. म्हणजे असं, की क-मधलं सगळं वितळवून दुसऱ्या बाटलीत काढून घेतलं आणि मूळ बाटलीत लॅबमधलं खारं पाणी भरून ती होती तिथे ठेवली. दोन्ही पाण्यासारखंच दिसतं. बावीस वर्षांत एक चिमटासुद्धा घरी नेला नव्हता. पर्स मांडीवर घट्ट धरून रिक्षात बसले होते, रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुपारी दाब एकतीस झाला. डॉक्टर म्हणाले, सूज ओढून घेणारं जास्त मिठाचं सलाईन सुरू केलंय, रात्रीपर्यंत उतरला नाही तर कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करून द्यावी लागेल. मग काय उरेल ते सांगता येत नाही. भावजय भिंतीला टेकून खाली बसली. तिला उठवायलासुद्धा मला सुचलं नाही.

परवापर्यंत कोण थांबणार? आणि मी विचार केला, उंदराचं आयुष्य ते केवढं. त्याचा चौथा दिवस म्हणजे माणसाचा चौथाच कशावरून? कदाचित माणसाचा आजच असेल. मॅडमनी माणसावर कुठे करून पाहिलंय? आणि क-चे ते पांढरे मेंदू माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

भावजयीला जिन्यात नेऊन बाटलीचं सांगितलं, चौथ्या दिवसाचं तेवढं नाही. तिनं माझा दंड धरला. मग म्हणाली, "ताई, खात्री आहे ना तुम्हाला?"

"माझ्या हातांनी पाहिलंय गं. दहाच्या दहा."

"मग द्या."

चार वाजता सिस्टर बदलतात. जुनी नवीला सगळं समजावून सांगत होती, भावजय पडद्याशी उभी राहिली आणि मी त्याच्या सलाईनमधून दिलं. उंदराच्या शेपटीतली शीर मला अंधारातही सापडते, पण इथे नळीचं टोक दोनदा हातातून सुटलं. दोन मिनिटांचं काम. त्याचे पाय पलंगाबाहेर आले होते. ते मी पांघरुणात घेतले आणि बाहेर आले.

आता साडेसात. दाब एकोणतीस.

४ एप्रिल, शुक्रवार

पंचवीस.

झोप नाही. मी काय केलं? छान केलं. नाही, काय करून बसले?

५ एप्रिल, शनिवार

एकवीस! हाड काढायची गरज नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतात वेळेवर बदललेल्या सलाईनचा गुण, आणि तरुण वय. मी मान डोलावली. बिचाऱ्याला कुठे माहितीय!

७ एप्रिल, सोमवार

बारक्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग भावजयीकडे. ओठ हलले. डावी बाजू अजून ढिली आहे, पण उजव्या हातानं त्यानं माझं बोट दाबलं. मी तिथेच भोकाड पसरलं. सिस्टर म्हणाली, बाई, इथे नका रडू, बाहेर जाऊन रडा. बाहेर जाऊन रडले.

भावजयीनं मला जी मिठी मारली ती सोडेचना. "तुम्ही त्याला दुसऱ्यांदा वाढवलंत, ताई." आणि मला लाज वाटली नाही, हे खरंच लिहिते. फार अभिमान वाटला. जगातल्या एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांना जे जमलं नाही, ते उंदीर धुणाऱ्या बाईनं करून दाखवलं. मॅडमना सांगायला जीभ नुसती वळवळतेय. चिठ्ठी उघडली की सांगेन. ओरडतील, मग पेढे मागतील.

१७ एप्रिल, गुरुवार

आकडेवाल्या सरांनी लिफाफा फोडला. मी दाराशी उभी होते, जवळजवळ हसत.

क म्हणजे खारं पाणी. ख म्हणजे औषध.

सरांनी पुन्हा वाचलं. मॅडमनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आपलं औषध गळती वाढवतंय. चौथ्या दिवशीसुद्धा." सर म्हणाले, आकडे स्पष्ट आहेत. "सहा वर्षं," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सोमवारी बैठक घेऊन काम बंद करायचं म्हणाल्या.

चिठ्ठीच चुकलीय. कोणीतरी उलटं लिहिलंय. नाहीतर माझा भाऊ उठून बसला कसा?

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच सरांच्या मागे लागले. बाटल्या तपासा म्हटलं. त्यांनी उंदरांच्या दोन्ही बाटल्यांतला थेंब-थेंब यंत्रावर टाकला. ख-मध्ये प्रथिन, क-मध्ये काही नाही. मग मी मोठ्या बाटल्यांचं विचारलं. मोठी ख तपासली, प्रथिन. त्यांनी मोठी क उचलली आणि म्हणाले, "हिच्यातही खारं पाणीच निघणार." निघालंच. तीच ना, मी भरलेली. पण सरांकडे कारखान्याचा कागद होता, आणि त्यावर ती आली तेव्हाही तिच्यात खारं पाणीच होतं.

मी खारं पाणी चोरलं आणि चोरी लपवायला त्याच्या जागी खारं पाणी भरलं. कोणाला सात जन्मांत कळणार नाही. लिहिताना हसू येतंय आणि ते हसू बरं नाही.

म्हणजे बारक्या डॉक्टरांच्या सलाईननं उठला, तरुण आहे म्हणून उठला. ठीक आहे. उठला ना? मग मला दुसरं काय हवंय?

पण क-चे मेंदू पांढरे का होते?

दुपारी लॅबची वही काढली. माझ्याच अक्षरातल्या वेळा. क: तेरा मिनिटं, चौदा, चौदा, पंधरा. ख: नऊ, आठ, नऊ, सात. पानामागून पान. आणि ते दोन ‘अपवाद’ ख, भावजयीच्या फोनच्या दिवशीचे, सतरा-सतरा मिनिटं. दोघंही पांढरे.

मी धुतलं होतं. जे मला आवडलं ते मी जास्त धुतलं.

२० एप्रिल, रविवार

दोन दिवस कोणाशी बोलले नाही. गप्प बसले तर काय होईल? काही नाही. बाटली जागेवर आहे, बारक्या सूप पितोय, मॅडम उद्या काम बंद करतील आणि दुसऱ्या कशाला तरी लागतील. माझी नोकरी आठ वर्षं बाकी आहे. वेळा कोणी बघत नाही, त्या फक्त लिहायच्या असतात.

पण मग औषध खरोखर चांगलं असलं तर? कोणाचा तरी बारक्या उद्या शिडीवरून पडणारच आहे.

आणि दुसरं एक आहे, ते लिहायला तीन वेळा पेन उचललं. बाटलीत खरंच औषध असतं तर? तो दुसरा दिवस होता. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

२१ एप्रिल, सोमवार

बैठकीच्या आधी मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं आणि वही उघडून समोर ठेवली. आधी वेळा दाखवल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. मग बाटलीचं सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"कुठल्या दिवशी दिलंस?"

"दुसऱ्या."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

"मॅडम, खरं असतं तर काय झालं असतं?"

"माणसाचं मला माहीत नाही. उंदरांचं तुलाही माहितीय. बारापैकी सात." मग आवाज चढला. "क हेच औषध असं तू ठरवलंस कशावरून?"

"उंदीर तरतरीत होता."

"उंदीर तरतरीत होता!" त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवून खाली बघत राहिल्या. रडत होत्या की काय, मला बघवेना. माझा स्वतःच्या डोळ्यावर भलता विश्वास. त्याच विश्वासापायी चुकीची बाटली उचलली, आणि चुकीची उचलली म्हणून माझा भाऊ जिवंत आहे. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. सुटका झाली म्हणावं, तर सुटल्यासारखं वाटत नाही.

काम बंद होणार नाही. सगळे उंदीर पुन्हा, दुसऱ्या हातांनी, घड्याळ लावून. फ्रीजरची आणि प्राणीघराची किल्ली मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती नको म्हटलं नाही.

"दवाखान्यात तूच जाऊन सांगायचंस. डॉक्टरांना आणि घरच्यांना. आज."

२२ एप्रिल, मंगळवार

काल धीर झाला नाही. आज डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पेन उघडलं आणि विचारलं, किती, कधी, कुठल्या नळीतून. सगळं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. चौकशी होईल म्हणाले. शेवटी म्हणाले, "ताई, दुसऱ्या दिवशी देऊ नये हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच भीती वाटते."

भावजयीला सांगायचं राहिलंय.

२५ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. त्याच जिन्यात.

पहिल्यांदा तिला वाटलं मी नोकरी गेल्याचं सांगतेय. "जाऊ द्या हो ताई, माणूस वाचला ना." मग मी बाटलीचं सांगितलं. तिला ते नीट कळेना, तिनं परत विचारलं, मी परत सांगितलं. क-मध्ये पाणी होतं. मला वाटलं औषध आहे. औषध असतं तर त्या दिवशी ते देणं घातक होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं.

"आधीपासून?"

"हो."

"आणि मी पडद्याशी उभी होते." ती जिन्याचा कठडा धरून उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी विचारलं होतं तुम्हाला, ताई. एकच प्रश्न विचारला होता."

मी म्हटलं, माझं चुकलं. याहून मोठा शब्द मला सापडला नाही.

ती वर गेली. मी मागोमाग गेले तर खोलीच्या दाराशी वळली आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." आवाज चढवला नाही. तुम्ही म्हणाली, ती नेहमीच म्हणते, पण आज ते परक्या बाईला म्हटल्यासारखं ऐकू आलं. तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर हात धरून दवाखान्याबाहेर काढलं असतं.

म्हणून बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत व्यायामवाल्या बाई बारक्याला चालवताहेत. डावा पाय घासत येतो, उजवा टेकतो. तेरा पावलं झाली, कालपर्यंत सहा होती. बाई म्हणाल्या, शाब्बास. मग तो धापा टाकत बसला असावा, कारण पलंग वाजला. बोलणं अजून जड आहे, पण शब्द न् शब्द ऐकू आला.

"ताई आली नाही आज?"

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"कामावर गेल्यात," भावजय म्हणाली.

दार माझ्यापासून तीन हातांवर आहे, नुसतं लोटलेलं. मला आत जायचंय. फार जायचंय. मी उठले नाही.